भाडं ठरतं गुणांवर, घर मिळतं रांगेत

स्वयंपाकघरातला ओटा दोन मीटर लांब असेल तर ७ गुण. एक मीटर नव्वद सेंटिमीटर असेल तर ४. राहत्या खोलीच्या दर चौरस मीटरला १ गुण, अडगळीच्या खोलीला पाऊण. संडास वेगळा असेल तर ३, न्हाणीघरातच असेल तर २. गॅलरी, अंगण, परसू यांपैकी काहीच नसेल तर उलटे ५ गुण वजा. नेदरलँड्समध्ये भाड्याच्या घराची अशी मोजदाद होते आणि गुणांच्या बेरजेवरून त्या घराचं जास्तीत जास्त भाडं ठरतं. १९७९ पासून ही पद्धत चालू आहे.

इतकं सगळं मोजूनमापून ठरत असेल तर त्या देशात भाड्याचं घर मिळणं अगदी सोपं असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिथे नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला सगळ्यात जास्त घाम फुटतो तो घर शोधतानाच. भाडं परवडणारं असतं, करार पक्का असतो, घरमालक मनात आलं म्हणून बाहेर काढू शकत नाही. पण हे सगळं त्याच्यासाठी, ज्याच्या हातात किल्ली पडली आहे. जो अजून दाराबाहेर उभा आहे, त्याच्या बाजूने कायदा फारसा काही करत नाही. डच भाडेव्यवस्थेचं हे मर्म ॲमस्टरडॅमपेक्षा मध्यम आकाराच्या एखाद्या शहरात जास्त स्वच्छ दिसतं, कारण तिथे पर्यटक, परदेशी गुंतवणूकदार आणि बड्या कंपन्यांचे भत्ते यांचा गलका कमी असतो. अशा शहरांपैकी एक म्हणजे एन्स्खेडे.

एक गिरणगाव

एन्स्खेडे हे देशाच्या पूर्व टोकाला, ट्वेंटे प्रदेशातलं सुमारे १ लाख ६० हजार वस्तीचं शहर. ॲमस्टरडॅमहून रेल्वेने दोन तास लागतात. जर्मनीतलं ग्रोनाउ मात्र पलीकडेच आहे. १८६२ च्या आगीत जुनं गाव जवळपास सगळं जळालं आणि त्या राखेवर कापडगिरण्यांचं शहर उभं राहिलं. गिरण्या आल्या म्हणजे कामगार आले आणि कामगार आले म्हणजे त्यांना राहायला घरं हवीत. त्या काळची कामगारवस्ती कोंदट, ओलसर आणि रोगट असे.

डच संसदेने १९०१ साली गृहनिर्माण कायदा केला. घर राहण्यालायक असलंच पाहिजे, हा त्याचा पाया. नफ्यासाठी नव्हे तर लोकांना घरं देण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थांना सरकारी मान्यता आणि कर्ज मिळेल, अशी सोयही त्यात होती. एन्स्खेडेमध्ये गिरणीमालकांच्या पुढाकाराने १९१४ ते १९२८ या काळात पाथमोस ही वसाहत बांधली गेली. उतरत्या छपराची बुटकी घरं, समोर हिरवळ, मागे भाजीपाल्यापुरतं परसू, वळणावळणाच्या गल्ल्या. गिरण्या १९६०-७० च्या दशकांत एकामागून एक बंद पडल्या, पण पाथमोस अजून उभं आहे आणि आजही तिथे भाडेकरू राहतात.

गिरण्यांची जागा हळूहळू शिक्षणाने घेतली. १९६१ साली तंत्रविद्यापीठ स्थापन झालं. आज ते ट्वेंटे विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या आवारातच राहायची सोय करणारं ते देशातलं पहिलं विद्यापीठ. हवाई छायाचित्रं आणि नकाशाशास्त्र शिकवणारी आयटीसी ही संस्था १९७१ मध्ये डेल्फ्टहून इथे आली. तिचा भारताशी संबंध जुना आहे. डेहराडूनची सुदूर संवेदन संस्था १९६६ मध्ये आयटीसीच्याच सहकार्याने सुरू झाली, त्यामुळे भूगोल आणि भूमापन शिकणारे भारतीय विद्यार्थी या शहरात फार पूर्वीपासून येत आहेत.

१३ मे २००० रोजी रोमबेक भागात फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट झाला. २३ माणसं गेली आणि सुमारे दोनशे घरं जमीनदोस्त झाली. वास्तुरचनाकार पी द ब्रॉइन यांच्या आराखड्यानुसार आणि जुन्या रहिवाशांना चर्चेत घेऊन हा भाग पुन्हा बांधला गेला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची कामगारवसाहत, युद्धानंतरच्या चार मजली इमारती, विद्यापीठातल्या खोल्या आणि या शतकातलं रोमबेक, असे डच घरांचे बहुतेक नमुने या एका शहरात सायकलवरून पाहता येतात. त्या घरांत शिरायचे मार्ग मात्र तीनच.

पहिला मार्ग: गृहसंस्था

१९०१ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या संस्था आजही देशातल्या सर्वांत मोठ्या घरमालक आहेत. दर दहा घरांपैकी जवळपास तीन घरं त्यांच्या मालकीची. आपल्याकडच्या सहकारी सोसायटीशी त्यांची गल्लत करू नये: इथे रहिवासी सभासद-मालक नसतो, तो फक्त भाडेकरू असतो आणि इमारत कायम संस्थेची राहते. एन्स्खेडेमध्ये डोमेन, द वोनप्लाट्स आणि ऑन्स हाउस या अशा संस्था आहेत.

या घरांची भाडी ‘सामाजिक’ गटातली. एखाद्या घराचे गुण १४३ पर्यंत असतील तर २०२५ मध्ये त्याचं मूळ भाडं महिना ९००.०७ युरोपेक्षा जास्त लावता येत नव्हतं. संस्थांची बरीच घरं त्याहूनही स्वस्त असतात. अर्थात ती सगळ्यांसाठी नाहीत. २०२५ मध्ये एकट्या माणसाचं वार्षिक उत्पन्न ४९,६६९ युरोपर्यंत आणि कुटुंबाचं ५४,८४७ युरोपर्यंत असेल, तरच सर्वसाधारणपणे या रांगेत उभं राहता येत होतं.

भारतातून नोकरीसाठी गेलेल्या अभियंत्याची इथेच पंचाईत होते. ‘उच्चकुशल स्थलांतरित’ म्हणून व्हिसा मिळायला तिशीच्या आतल्या माणसाचा पगार २०२५ मध्ये महिना किमान ४,१७१ युरो असावा लागत होता. तिशीनंतर ५,६८८ युरो. वर्षाचा हिशेब केला तर, करसवलती बाजूला ठेवल्यास, एकट्या माणसासाठी असलेली मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे ज्या पगारामुळे देशात प्रवेश मिळाला, तोच पगार स्वस्त घराच्या आड येतो. शिक्षण संपवून तिथेच पहिली नोकरी धरणाऱ्यांना पगाराची अट बरीच खालची असते, म्हणून ते रांगेत उभे राहू शकतात.

रांग हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली की आपल्या भागातल्या यादीत नाव नोंदवता येतं. रिकामी झालेली घरं संकेतस्थळावर लागतात, इच्छुक आपापली पसंती कळवतात आणि बहुतेक घरं ज्याची नोंदणी सगळ्यात जुनी त्याला मिळतात. काही घरं चिठ्ठ्या टाकून देतात. घटस्फोट, आजारपण, बेघर होणं अशा अडचणीत पुढचा क्रमांक मिळू शकतो, पण त्याचे निकष कडक आहेत. ॲमस्टरडॅममध्ये या रांगेत दहा वर्षं सहज जातात. एन्स्खेडेसारख्या शहरात थांबावं कमी लागतं, तरी हिशेब महिन्यांचा नसतो, वर्षांचाच असतो. म्हणून जाणते पालक मुलाच्या अठराव्या वाढदिवशीच त्याचं नाव घालून टाकतात. घर तेव्हा नकोच असतं, पण सातआठ वर्षांनी लागेल तेव्हा क्रमांक हाताशी असावा.

घर मिळालं तरी दार उघडल्यावर नवखा माणूस चक्रावतो. खाली जमीन नसते. म्हणजे सिमेंटचा उघडा कोबा असतो. त्यावरचं लॅमिनेट किंवा कार्पेट आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला असतो. खिडक्यांना पडदे नसतात, पडद्यांच्या दांड्याही नसतात. छतातून दोन वायरी लोंबत असतात, त्यांना दिवा ज्याचा त्याने लावायचा. स्वयंपाकघरात ओटा, सिंक आणि कपाटं असतात. शेगडी आणि फ्रिज नसतो. डच भाडेकरूला यात काही वावगं वाटत नाही. चौकट संस्थेची, तिच्या आतलं सगळं राहणाऱ्याचं, असा हा व्यवहार आहे. जाणारा भाडेकरू येणाऱ्याला कधीकधी यादी देतो: लॅमिनेट इतक्याला, पडदे इतक्याला, बागेतली खोपटी इतक्याला. पटलं तर घ्यायचं. नको म्हटलं तर तो ते उखडून नेतो, कारण घर सोडताना स्वतः घातलेलं काढून द्यायची जबाबदारी त्याच्यावर असते. पहिल्या महिन्याच्या भाड्याशिवाय जमीन घालण्याकरताही पैसे बाजूला ठेवावे लागतात, हे आधी कुणी सांगत नाही.

दुसरा मार्ग: खासगी बाजार

ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या वर आहे किंवा ज्यांना वर्षानुवर्षं थांबणं शक्य नाही, ते खासगी घरमालकाकडे जातात. पारारियुस, फुंडा अशा संकेतस्थळांवर ही घरं लागतात. जाहिरातीत घराच्या अवस्थेचे तीन प्रकार दिलेले असतात: उघडं, जमीन-पडद्यांसह आणि सामानासकट. या एका शब्दावर सुरुवातीचा मोठा खर्च अवलंबून असतो, म्हणून भाड्याच्या आकड्याआधी तो वाचावा.

इथे वर्षांऐवजी तास मोजले जातात. सकाळी लागलेल्या घरासाठी संध्याकाळपर्यंत अर्जांचा खच पडलेला असतो. एजंट त्यातल्या मोजक्यांनाच घर दाखवायला बोलावतो. निवड होते ती कागदांवर: तीन पगारपत्रकं, नोकरीचा करार, कंपनीचं पत्र, शक्य असेल तर आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र. ढोबळ पगार भाड्याच्या तिप्पट ते चौपट असावा, ही अट जवळपास सगळीकडे असते. बाराशे युरोच्या घरासाठी महिना ३,६०० ते ४,८०० युरो पगार दाखवावा लागतो. ओळखपत्राची प्रत देताना नागरिक क्रमांक झाकावा, आणि ही प्रत कुणाला कशासाठी दिली हे तिच्यावर लिहावं. त्यासाठी डच सरकारचं एक मोफत ॲपच आहे.

१ जुलै २०२४ पासून या बाजारालाही गुणांचं कोष्टक लागू झालं. त्याआधी गुण एका मर्यादेपलीकडे गेले की घरमालक मागेल ते भाडं. नव्या कायद्याने १४४ ते १८६ गुणांचा एक मधला गट तयार केला आणि त्यालाही कमाल भाडं लावलं. २०२५ मध्ये १८६ गुणांच्या घराचं कमाल मूळ भाडं १,१८४.८२ युरो होतं. १८७ गुणांपासून पुढे भाडं मोकळं. १४३ आणि १८६ या दोन टोकांमधला फरक पाहिला तर एका गुणाची किंमत महिना साधारण साडेसहा युरो पडते. सुरुवातीला सांगितलेला ओटा दहा सेंटिमीटरने आखूड भरला तर तीन गुण जातात, म्हणजे महिन्याला वीसेक युरो. एखादा जुना डच भाडेकरू घर पाहायला जाताना खिशात टेप का ठेवतो, हे यावरून कळेल.

गुणांमध्ये सगळ्यात जड पारडं तिघांचं: क्षेत्रफळ, नगरपालिकेने ठरवलेली घराची किंमत आणि ऊर्जा-श्रेणी. दुहेरी काचा आणि भिंतींत भरणा असलेल्या घराला वरची श्रेणी आणि भरपूर गुण मिळतात. ई, एफ, जी या श्रेणींच्या थंडगार घरांचे आता गुण कापले जातात. एन्स्खेडेसारख्या शहरात नगरपालिकेची किंमत ॲमस्टरडॅमपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून तेवढ्याच आकाराच्या घराला गुणही कमी पडतात. राजधानीत मोकळ्या भाड्याच्या गटात गेलेलं घर इथे सहज मधल्या गटात बसतं. प्रादेशिक शहरात गुणांचा कायदा जास्त घरांना लागू होतो तो असा.

१ जानेवारी २०२५ पासून नव्या कराराबरोबर गुणांचा तक्ता देणं घरमालकावर बंधनकारक आहे. तक्ता दिला नाही किंवा फुगवून दिला, तर भाडेकरूला ह्यूरकॉमिसी या भाडे-लवादाकडे जाता येतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, भाडेवाढीला आळा घालायला असे लवाद सुरू झाले. आज तिथे तक्रार करायला भाडेकरूला २५ युरो भरावे लागतात आणि निकाल त्याच्या बाजूने लागला तर तेही परत मिळतात. वकील लागत नाही.

वीज, गॅस, फर्निचर सगळं मिळून एकच रक्कम सांगणाऱ्या घरमालकापासून मात्र सावध राहावं. मूळ भाडं आणि इतर खर्च वेगळे दाखवणं कायद्याला अपेक्षित आहे. वेगळे दाखवले नसतील आणि प्रकरण लवादाकडे गेलं, तर लवाद त्या एकत्रित रकमेचे फक्त ५५ टक्के हेच मूळ भाडं धरू शकतो. घरमालकाला हा धडा महागात पडतो.

तिसरा मार्ग: खोली

विद्यार्थ्यांचं जग वेगळं. तिथे घर नव्हे, खोली मिळते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक. खोल्यांसाठी गुणांचं स्वतंत्र कोष्टक आहे. पण डच विद्यार्थीघरात घरमालकापेक्षा जास्त वजन आधीपासून राहणाऱ्या मुलामुलींचं असतं, कारण नवा सोबती निवडण्याचा हक्क बहुधा त्यांना असतो.

या निवडीची संध्याकाळ पाहण्यासारखी असते. सातआठ उमेदवार एकाच वेळी बैठकीच्या खोलीत बसलेले. हातात बिअर किंवा चहा. कोण काय शिकतं, कोणत्या क्लबात आहे, रात्री किती वाजता झोपतं, भांडी घासण्याच्या पाळीबद्दल काय मत आहे, आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी स्वयंपाक करायला जमेल का. प्रश्न हलकेफुलके असतात, पण समोरचे सगळं टिपत असतात. उमेदवार गेले की घरातले मत टाकतात आणि रात्री उशिरा एकाला होकाराचा निरोप जातो. गुणपत्रक किंवा बँकेतली शिल्लक कुणी विचारत नाही. ‘हा माणूस रोज सकाळी स्वयंपाकघरात समोर आला तर चालेल का’ एवढाच सवाल असतो.

परदेशी विद्यार्थ्याला हीच परीक्षा जड जाते. पुण्याहून किंवा नाशिकहून व्हिडिओ कॉलवर हजर होणाऱ्याला त्या खोलीतल्या हशापर्यंत पोचता येत नाही. काही जाहिरातींत ‘फक्त डच बोलणारे’ असं सरळ लिहिलेलं असतं. सोबती निवडताना घरातली भाषा एक असावी असं वाटणं समजण्यासारखं आहे. पण घरमालक किंवा एजंट जेव्हा आडनाव पाहून अर्ज बाजूला टाकतो, तेव्हा तो भेदभाव असतो. १ जुलै २०२३ पासून लागू असलेल्या ‘चांगल्या घरमालकी’च्या कायद्यानुसार एजंटाला भाडेकरू कशावर निवडला हे सांगता आलं पाहिजे आणि त्याची लेखी कार्यपद्धत असली पाहिजे. तक्रार नगरपालिकेकडे करता येते.

बाहेरून येणाऱ्याच्या घाईवर जगणारे भामटे याच टप्प्यावर भेटतात. फोटो सुंदर, भाडं बाजारापेक्षा कमी, आणि मालक ‘सध्या परदेशात’. डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरियरने येईल. अशी किल्ली कधी येत नाही. स्वतः किंवा ओळखीच्या कुणी घर पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, या नियमाला अपवाद करू नये.

करार झाल्यावर

किल्ली हातात आली की चित्र पालटतं. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्या माणसाला डच करार वाचताना हायसं वाटतं. १ जुलै २०२४ पासून बेमुदत करार हाच नियम आहे. मुदतीचा करार काही ठरावीक प्रसंगीच करता येतो. भाडेकरूला घर सोडायचं तर एका महिन्याची नोटीस पुरते. घरमालकाला मात्र कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादं कारण लागतं, तीन ते सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि भाडेकरू कबूल झाला नाही तर न्यायालयात जावं लागतं. मालकाने घर विकलं तरी भाडेकरू तिथेच राहतो. नवा मालक जुन्या कराराला बांधील. विद्यार्थ्यांच्या कराराला एक शेपूट असतं: शिक्षण संपलं की साधारण सहा महिन्यांत खोली सोडावी लागू शकते.

पैशांचे नियमही स्पष्ट आहेत. डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं. घर सोडल्यावर ते १४ दिवसांत परत मिळायला हवं. काही कापायचं असेल तर ३० दिवसांत, हिशेबासकट. एजंट घरमालकाचं काम करत असेल तर त्याला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही, मग तिला ‘करार-शुल्क’ म्हणा की ‘प्रशासकीय खर्च’. भाडेवाढ वर्षातून एकदाच आणि सरकारने ठरवलेल्या मर्यादेत: २०२५ मध्ये सामाजिक गटाला ५ टक्के, मधल्या गटाला ७.७ टक्के आणि मोकळ्या गटाला ४.१ टक्के.

भाडेकरूचीही कर्तव्यं आहेत. नळाचा वॉशर, दाराच्या कड्या-बिजागऱ्या, बागेतली झुडपं ही किरकोळ डागडुजी त्याची. बॉयलर, छप्पर, नळवाहिन्या मालकाच्या. किल्ली घेताना घराची अवस्था कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या असतात. त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, डागाचा आणि भेगेचा फोटो काढून ठेवला तर डिपॉझिटवरचा वाद निम्मा मिटतो. भाड्याशिवाय नगरपालिकेची कचरापट्टी आणि जलमंडळाचा कर येतो. एन्स्खेडेच्या भागात ते जलमंडळ फेख्टस्ट्रोमेन.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पत्त्याची नोंद. चार महिन्यांहून जास्त राहायला आलेल्याने नगरपालिकेत पाच दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो. त्या नोंदीतूनच नागरिक क्रमांक मिळतो आणि पगार, आरोग्यविमा, भाडे-अनुदान हे सगळं त्याला जोडलेलं असतं. ‘इथे राहा, पण पत्ता नोंदवू नका’ असं सांगणारं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये. बहुधा ते घर चोरून पोटभाड्याने दिलेलं असतं किंवा परवानगीपेक्षा जास्त माणसं तिथे भरलेली असतात.

घरं कमी का?

इतके नियम असून रांग का हटत नाही? एक तर घरंच कमी आहेत. देशभरात सुमारे ४ लाख घरांचा तुटवडा असल्याचा अंदाज सरकारी धोरणात धरला जातो. लोकसंख्या वाढली, त्याहून जास्त वाढली कुटुंबांची संख्या: एका घरात आता सरासरी दोनच्या आसपास माणसं राहतात. सरकारने वर्षाला १ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं आहे, पण २९ मे २०१९ रोजी सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नायट्रोजन प्रदूषणाची तेव्हाची परवाना-पद्धत रद्द केली आणि अनेक प्रकल्प अडले. वीजजाळ्यावर जागा नाही, म्हणूनही नव्या वस्त्या खोळंबतात. गृहसंस्थांवर २०१३ ते २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सरकारने खास कर बसवला होता. त्या दशकात घरं बांधायला जो पैसा लागला असता, त्यातला बराच तिजोरीत गेला.

दुसरं कारण भाडेकरूच्या बाजूच्या कायद्यातूनच आलं आहे. मधल्या गटाला कमाल भाडं लागलं, करार बेमुदत झाले, गुंतवणुकीच्या घरांवरचा कर वाढला. मग अनेक खासगी मालकांनी भाडेकरू गेला की घर विकून टाकायला सुरुवात केली. विकलेलं घर नाहीसं होत नाही. पहिल्यांदाच घर घेणारं एखादं तरुण जोडपं तिथे राहायला येतं. त्या जोडप्याचं भलं होतं. पण भाड्याच्या घरांच्या यादीतून एक ओळ कमी होते, आणि जो कर्जाला पात्र नाही, जो दोन वर्षांसाठीच आला आहे, ज्याची यादीत नोंदणी नाही, तो त्या ओळीवरच अवलंबून असतो. कायदा चुकला असं यातून निघत नाही. भाड्यावर मर्यादा आणि नवं बांधकाम ही एकाच गाड्याची दोन चाकं होती. एक फिरलं, दुसरं रुतलं.

तिथे जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने किंवा नोकरदाराने यातून काय घ्यायचं? घर हा प्रवेशानंतरचा किंवा नोकरीनंतरचा विषय नाही. काही डच विद्यापीठं आता स्पष्ट सांगतात की राहायची सोय झाल्याशिवाय निघू नका. त्यामुळे प्रवेशपत्र आल्याच्या आठवड्यातच विद्यापीठाच्या निवासासाठी अर्ज करावा. नोकरी घेताना पहिल्या काही महिन्यांच्या तात्पुरत्या घराची जबाबदारी कंपनीने घ्यावी, हे पगाराइतक्याच आग्रहाने मागावं. ॲमस्टरडॅम किंवा उट्रेख्टच्या जोडीने एन्स्खेडे, झ्वोले, डेव्हेंटर, अपेलडोर्न अशा शहरांतल्या संधीही पाहाव्यात. पगार थोडा कमी असला तरी भाडं, प्रवास आणि प्रतीक्षा यांचा एकत्र हिशेब केला की पारडं अनेकदा त्यांच्याकडे झुकतं. आणि पत्त्याची नोंद झाली की लगेच गृहसंस्थांच्या यादीत नाव घालावं, आज गरज नसली तरी. डच घराच्या बाजारात पैसा लागतोच, पण तिथे सगळ्यात जास्त चालतं ते नोंदणीचं वय. आणि ते कुणाकडून उसनं मिळत नाही.